चोर परत जातो

गोटीने गाठोडं उचललं, काखोटीला मारलं आणि धूम ठोकली. विंगेत पोचताच बाईंनी तिला मिठीच मारली. काजळाच्या मिशा बाईंच्या खांद्याला पुसल्या गेल्या.

"शाब्बास माझ्या चोरा!"

गोटी अकरा वर्षांची, शाळेच्या विशेष वर्गातली. तिला सगळंच जरा सावकाश समजे. त्या वर्गातलं मूल नाटकात पहिल्यांदाच उभं राहिलं होतं. "एक वर्ष घेऊन बघा," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "नाटक फसलं, तर पुन्हा ही मुलं नुसती बघायला बसतील." तेव्हापासून बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

आता निम्मं नाटक पार पडलं होतं. रंगमंचावर म्हातारी जागी झाली. म्हणजे चौथीतली हुशार मुलगी. गाठोडं गेलेलं पाहून ती रडायला लागली. आणि काय रडली! तालमीत दोन वाक्यं घडाघडा म्हणून मोकळी व्हायची. आज वाक्यंबिक्यं सोडून नुसते हुंदके. पहिल्या रांगेत रुमाल निघाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात गोटीने बाईंचा हात झटकला.

"अगं, कुठे निघालीस? चोर परत जात नसतो!"

चोर परत गेला. गाठोडं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं, बाहीने तिचे डोळे पुसले आणि शेजारी फतकल मारून बसला. काठी आपटत आलेल्या हवालदाराला पकडायला कुणी उरलंच नाही. त्याने दोघींना कडक सलाम ठोकला आणि आल्या पावली परत फिरला. सभागृहाची हसून हसून मुरकुंडी वळली. म्हातारीही खुदकन हसली. पडदा पडला.

पडद्यामागे मोठ्या बाई आल्या. "बघितलंत? नाटक कुठलं, खरं कुठलं, एवढंही कळत नाही या मुलांना."

बाईंचा चेहरा उतरला. त्या गोटीसमोर उकिडव्या बसल्या. "गोटे, चोरी खोटी-खोटी होती ना गं? मग का गेलीस परत?"

म्हातारीने गोटीचा हात अजून सोडला नव्हता. गोटीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून बाईंच्या कानाशी लागली. मोठ्या बाईही नकळत वाकल्या.

"हिला वाक्यं आठवेनात, बाई. चोरी खोटी होती, रडू खरं होतं."