किल्ली काढल्यावर

किल्ली काढली तरी इंजिन थांबलं नाही.

दादाने हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. धाकटी बहीण मागेच उभी होती. उद्या गिऱ्हाईक व्हॅन बघायला येणार होतं, म्हणून वडील गेल्यानंतर आज पहिल्यांदाच ती सुरू केली होती. आधी चारही सिलिंडर नेहमीसारखे खडखडले. मग आवाज चढत गेला. आता सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात अंगणाची भिंतही दिसेनाशी झाली होती.

"इंजिनात तेल किती ओतलंस?" ड्रायव्हरची सीट उचलून इंजिन उघडं करत मिस्त्रीने विचारलं.

"अख्खा डबा. गिऱ्हाइकाला वाटायला नको, आम्ही लक्ष दिलं नाही म्हणून."

"बाळसं आणायचं होतं का त्याला? व्हॅनचं असो की छोट्या ट्रकचं, या इंजिनाची सगळी भावंडं सारखीच. जास्त तेल दिलं की माजतात. आता डिझेल तोडूनही उपयोग नाही. स्वतःचंच तेल पिऊन पळतंय. ते संपलं की फुटेल."

"मग थांबवा ना, काका!"

"हवा बंद करायची. दुसरा इलाज नाही." मिस्त्रीने हवेची रबरी नळी फिल्टरपासून ओढून काढली आणि दोन्ही हातांनी आवळून धरली. "जॅकखालची फळी घे. हिच्या तोंडावर दाब. हात नको लावूस, खेचून घेईल."

दादाने फळी उचलली. दोन पावलं पुढे आला. इंजिन किंचाळत होतं. त्याने फळी बहिणीच्या हातात दिली आणि फाटकाकडे निघून गेला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी वडिलांचं श्वासाचं यंत्र काढण्याबद्दल विचारलं, तेव्हाही तो असाच बाहेर गेला होता. आईला दोघांनी घरीच ठेवलं होतं. आत, शेवटच्या श्वासापर्यंत, बहीण एकटी उभी राहिली होती.

तिने फळी नळीच्या तोंडाशी नेली. ती आपोआप चिकटली.

"दाब! सोडू नकोस!"

लाकडातून ती ओढ तिच्या तळव्यांत, मनगटांत शिरली. इंजिन लगेच थांबलं नाही. त्याने आचका दिला, सगळी व्हॅन हलली. वेग पडला, पुन्हा उसळला. फळीच्या कडेने बारीक शीळ येत होती. तिने अंगाचा सगळा भार टाकला. एक आचका. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग काहीच नाही.

"वाचलं," मिस्त्री म्हणाला. "जास्तीचं तेल काढून टाकू. उद्या दाखवता येईल."

ती फळी धरूनच उभी होती. मिस्त्रीने हलकेच तिची बोटं सोडवली.

धूर विरला तेव्हा आई पायरीवर दिसली. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती व्हॅनपाशी आली आणि उघड्या इंजिनाकडे बघत राहिली. वडील गेल्यापासून तिने त्या दिवसाबद्दल एका शब्दाने काही विचारलं नव्हतं.

"त्यांना असा त्रास झाला का गं?"

"नाही, आई," मुलगी म्हणाली. "झोपेतच गेले."

आईने मान हलवली. मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले. तळव्यांवर फळीच्या कडेचे वळ होते.