वोहिन?

“वोहिन?” अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, विचारलं की दारातच थांबायचं. कुठे निघाले ते जर्मनमध्ये सांगायचं. नवरा जर्मनीत नोकरीला. व्हिसासाठी मला भाषेची परीक्षा द्यायची होती आणि माझंच पुस्तक वाचून अण्णा घरचे परीक्षक झाले होते.

भाजी आणायला “त्सुम मार्क्ट”, बँकेत “त्सुअर बांक”, जर्मनीला मात्र “नाख डॉइचलांड”. तोंडून मराठी निघालं की, “नापास! फिर मागे.”

आज बॅगा रिक्षात गेल्या. अण्णांची खुर्ची दारात आडवी.

“वोहिन?”

वर्षभर नवऱ्याच्या ओढीने घोकलेलं उत्तर सोडून मी वाकून अण्णांच्या पायांना हात लावला.

“येते, अण्णा.”

खुर्ची सरकवून त्यांनी दार मोकळं केलं.

“पास,” म्हणाले.