अंगठ्याची जागा

"डुगडुगतेय, तर आता नव्यासारखीच करा," असं मीच सुताराला सांगितलं. अप्पा महिनाभर ताईकडे होते. अप्पांना त्यांच्या कंपनीतल्या डच साहेबाने साठ वर्षांपूर्वी मायदेशी जाताना दिलेली ती सागवानी आरामखुर्ची. दृष्टी गेल्यापासून अप्पांचा दिवस तिच्यातच जायचा.

आल्याबरोबर ते सवयीने कोपऱ्यात जाऊन बसले. उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर फिरू लागला. त्याच अंगठ्याने झिजून तिथे खळगा पडला होता. सुताराने तो भुसा भरून गुळगुळीत केला होता.

अप्पा उठले. "ही कुणाची आणलीस? आपली कुठाय?"

"पॉलिशला दिलीय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कधी येईल?"

"उद्या-परवा."

ते चाचपडत सतरंजीवर बसले. "मग ही ज्याची त्याला देऊन टाक. त्याचेही हाल होत असतील."