खांद्यावरचे टाके

गरीब मुलांवरच्या सिनेमात मोलकरणीच्या पोरीला मुख्य काम मिळालं. कपडे तिचेच चालणार होते, फक्त फ्रॉकला खांद्यावर कात्री लावली गेली. पोर घरी येताच आईने फाटलेलं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कात्री, घरी पुन्हा सुई. तिसऱ्या दिवशी कात्री लावून झाल्यावर दिग्दर्शकाने आईलाच सेटवर बोलावून घेतलं.

"बाई, हात जोडतो, आता शिवू नका. आम्हाला गरिबी अगदी खरी दाखवायचीय."

आईने कॅमेऱ्यासमोरच पोरीला पुढ्यात ओढलं आणि सुईत दोरा ओवला.

"मग खरीच दाखवा की, साहेब. आमच्यात फाटलेलं त्याच दिवशी शिवतात."