यवतची भरती

म्हाळूची उभी हयात कोकणातल्या मिठागरात गेली. सत्त्याण्णव साली प्लॉट पाडायला ते बुजवलं, तेव्हा तो घाटावर, समुद्रापासून लांब यवतला आपल्या रानात परतला. पुढच्याच उन्हाळ्यात रानातली विहीर खारट झाली आणि समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर तिचं पाणी चढू-उतरू लागलं.

“अवो, बुजवा ती!” बायको, ताईबाई, रडकुंडीला आली.

“मिठागर बुजवलं तवा माझं कुणी ऐकलं न्हाई. हिला हात लावून दाखवा म्हनावं!”

अवसेच्या भर दुपारी तो विहिरीत पाय सोडून बसला. पाणी गुपचूप वर आलं, पावलांना लागलं. त्यावर त्याची मीठ ओढायची फळी तरंगत होती, मिठागराच्या भरावाखाली गाडली गेलेली.

“आन हिकडं!” म्हणत त्यानं ती धरली.

पाणी थंडगार होतं. फळीची मूठ मात्र उबदार लागली, कुणी आत्ताच हातातून सोडावी तशी.