घंटेनंतरचा ठोसा

नव्या मुलीला कोच बॉक्सिंगचा पहिला धडा देत होते. "डावा पाय पुढे, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाशी. ठोसा मारला की हात लगेच मागे घ्यायचा, लोंबकळत ठेवायचा नाही."

पोर चुणचुणीत होती, पण कोचचं लक्ष राहून राहून बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांकडे जात होतं. वीस वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात, फेरी संपल्याची घंटा वाजून गेल्यावर कोचनी ज्याच्या कानशिलावर ठोसा हाणला होता, तो हाच. तेव्हापासून तो एक पाय ओढत चालायचा.

सराव संपल्यावर तो उठून जवळ आला.

"ओळखलंत का, सर?"

"न ओळखून कसं चालेल?" कोच कसेबसे म्हणाले. "त्या दिवशी माझं चुकलं. घंटा मला ऐकू आली होती."

"जाऊ द्या हो! मला त्यातलं काही आठवतसुद्धा नाही. पण आई अगदी शेवटपर्यंत सांगायची, मी महिनाभर बेशुद्ध होतो तेव्हा तुम्ही रोज दवाखान्यात येऊन माझ्या उशाशी बसायचात. म्हणून ठरवलं, पोरीला शिकवायचं तर तुमच्याचकडे."

त्याने कोचचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.



त्या दवाखान्याची पायरी कोच एकदाही चढले नव्हते.