हलका हात

बगळ्याने पिसारा उघडला आणि नेमकं तेव्हाच ऊन गेलं.

"मिळायचं नाही काही," बाबा म्हणाले, पण कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. बटण दाबतच राहिले.

तळ्याच्या काठाला एक बुटकी भिंत होती. तिच्यावर बाप-लेक बसले होते. दोघंही दातांचे डॉक्टर; दवाखाना एकच, शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. रविवारी बाबा पक्ष्यांच्या मागे असायचे. आज लेक पहिल्यांदाच सोबत आली होती, तीही आईने "जा गं जरा त्यांच्याबरोबर" म्हणून पिटाळलं होतं म्हणून.

समोर पाण्यात अर्ध्या बुडालेल्या झाडावर घरटी होती. विणीच्या दिवसांत बगळ्याची पिवळी चोच काळी होते, डोळ्यापाशी हिरवा रंग चढतो, पाठीवर जाळीसारखी लांब पिसं येतात, हे बाबांनी तिला गाडीत सांगितलं होतं. वीण संपली की ती पिसं गळून जातात. "लग्नाचा कोट," ते म्हणाले होते. "फक्त तो दरवर्षी नवा शिवतो."

"बघू," लेक म्हणाली.

बाबांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तळवा ठेवला. "काही नाहीये. हलला तो."

तिने कॅमेरा घेतलाच. बगळा पुसट आला होता. पण ज्या वाळक्या फांदीवर तो उभा होता तीही दुहेरी आली होती, आणि मागचं घरटंसुद्धा. वारा तर नव्हता. एक्स-रे काढताना एकटा दात कधी हलत नाही. डोकं हलतं, म्हणून सगळी रांगच पुसट येते. तिला हे कुणी सांगायला नको होतं. तिने आधीचे फोटो पाहिले. सगळे तसेच.

"उजेड कमी असला की शटर मंद ठेवावं लागतं," बाबा म्हणाले. "मग जरासं हललं तरी दिसतं."

"आणि उन्हात?"

"उन्हात खपून जातं."

कॅमेरा नसल्यामुळे त्यांचे हात आता मांडीवर रिकामे होते. उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर फिरत होता, पिठाची गोळी वळावी तसा.

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

त्याच काही महिन्यांत इंजेक्शनं, बारीक कामं, भित्रे पेशंट, सगळं तिच्या खुर्चीकडे यायला लागलं होतं. "तिच्याकडे बसा, तिचा हात हलका आहे," असं बाबा पेशंटला तिच्यादेखत सांगायचे. घरी जाऊन तिने ते आईला दोनदा सांगितलं होतं.

"म्हणजे माझा हात हलका म्हणून नाही."

"तेही होतं," बाबा म्हणाले. "पण आधी हे होतं."

"कुणाला दाखवलंत?"

"दाखवलंय. गोळ्या चालू आहेत."

"आईला माहीत आहे?"

"मी नाही सांगितलं. पण हल्ली ती माझा चहाचा कप अर्धाच भरते. तो संपला की विचारते, अजून देऊ का."

लेक म्हणाली, "एखाद्या पेशंटला काही झालं असतं तर?"

"म्हणूनच तुझ्याकडे पाठवत होतो."

"मला सांगून पाठवता आलं नसतं?"

बाबा झाडाकडे बघायला लागले. फांदीवर बगळा पुन्हा अंग फुलवत होता. ढग होते तिथेच होते.

कॅमेरा त्यांच्या हातात देऊन ती भिंतीवरून उतरली आणि त्यांच्याकडे पाठ करून पुढ्यात जमिनीवर बसली. "लेन्स ठेवा माझ्या खांद्यावर."

"राहू दे गं."

"ठेवा म्हणते ना. पिसं काय तुमच्यासाठी थांबणार आहेत?"

लेन्स चांगलीच जड होती. तिच्यातून येणारी थरथर खांद्याच्या हाडात उतरली, आणि लेकीने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले.

"श्वास रोखून धर," बाबा तिच्या कानापाशी म्हणाले. "हलू नकोस. अजिबात दुखणार नाही."

"पेशंटला असंच खोटं सांगता तुम्ही."

"शू."

बगळ्याने मान सरळ आभाळाकडे ताणली, मग हळूच खाली झुकवली. पाठीवरची सगळी पिसं उभी राहिली. बटण वाजलं, पुन्हा वाजलं.

बाबांनी बराच वेळ फोटो पाहिला आणि मग तिच्यापुढे धरला. काळपट होता, दाणेदार होता. पण पिसं एकेक सुटी दिसत होती, आणि फांदी एकच होती.

लेन्सचं झाकण त्यांना पहिल्यांदा बसलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. लेक बघत होती, पण तिने हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा ते बसलं.

"उद्या सकाळी ती आडवी आलेली अक्कलदाढ आहे," बाबा म्हणाले. "तू काढ."

"आणि तुम्ही?"

"मी त्याचा हात धरून बसतो. घाबरलेला असतो माणूस. त्याला वाटेल, आपलाच थरथरतोय."